आमची वाटचाल : चिंध्यांचा हिशेब

2006 साली नागपूरच्या नंदनवन भागात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही शाळांचे गणवेश शिवायला सुरुवात केली, तेव्हा आमच्याकडे पायाने चालवायच्या दोन शिलाई मशीन आणि एक जुने ओव्हरलॉक मशीन एवढेच भांडवल होते. माझे सासरे नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापडगिरणीत विणाई खात्यात होते. मिल 2002 मध्ये कायमची बंद झाल्यावर त्यांच्या हाती जी थोडी रक्कम आली, तिच्यातून ही मशीन घेतली गेली. गांधीबागच्या घाऊक बाजारातून कापडाचे ताके आणायचे, कटिंग मास्टरकडून ते कापून घ्यायचे आणि वस्तीतल्या महिलांकडून नगावर शिवून घ्यायचे, असे आमचे काम चाले. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, नेमक्या त्याच दिवसांत आमच्या कामाला उसंत नसते.

या कामात किती कापड वाया जाते, याचा विचार मी अनेक वर्षे केला नाही. कापडाचे थर लावून, त्यावर फर्मे, म्हणजे मापाचे पुठ्ठ्याचे नमुने, ठेवून आखणी केली की तुकड्यांच्या मधली जागा चिंधी म्हणून उरते आणि ती साधारणपणे दहा ते पंधरा टक्के असते. म्हणजे शंभर मीटर कापडाचे पैसे मोजायचे आणि त्यातले दहा-पंधरा मीटर पोत्यात भरून कचरागाडीत टाकायचे. गणवेशाचे कापड बहुधा पॉलिस्टरमिश्रित असते. ते पूर्ण कुजत नाही, मिश्र धागे वेगळे करणे अवघड असल्याने त्याचे पुन्हा चांगले सूत सहजी होत नाही आणि जाळले तर घातक धूर होतो. आमची पोती भांडेवाडीच्या कचराडेपोत जाऊन पडत होती. कारखान्यापुरता विषय तिथे संपत होता.

23 मार्च 2018 रोजी राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशव्यांची मागणी एकदम वाढली. आम्ही नवे सुती कापड आणून पिशव्या शिवल्या आणि आपल्या हातून पर्यावरणाची सेवा घडते आहे, असे मी मनापासून मानत होते.

2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि गणवेशाची एकही मागणी आली नाही. चौदा महिलांच्या घरी चूल पेटावी म्हणून आम्ही मास्क शिवायला घेतले. महाविद्यालये बंद असल्याने वस्तीतील काही मुले-मुली मोजणी आणि बांधणीच्या मदतीला येऊ लागली. चिंध्यांची पोती पाहून त्यांनी विचारलेल्या साध्या प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे नव्हती. यातूनच 2021 मध्ये आमचा चार महिन्यांचा उपक्रम सुरू झाला. अठरा ते तेवीस वयोगटातील बारा जण, शुल्क नाही, आणि दहा हजार रुपये खेळते भांडवल. कारखान्यातून फेकल्या जाणाऱ्या वस्तूंपासून काहीतरी बनवायचे, ते खऱ्या गिऱ्हाईकाला खऱ्या किमतीला विकायचे आणि रोजची खर्चवही लिहायची. पर्यावरण हा विषय या मुलांनी शाळेत शिकलेला असतो, प्रकल्पवह्याही पूर्ण केलेल्या असतात. मात्र वस्तू विकायला बसल्यावर किमतीत कोणाचे श्रम धरले आणि कोणाचे सोडले, हा प्रश्न अटळपणे समोर येतो. तो सोडवताना ही मुले जे शिकतात, ते मी इतर कोणत्याही मार्गाने त्यांना शिकवू शकले नसते.

पहिल्या तुकडीने चिंध्या जोडून पिशव्या करायचे ठरवले. वहीत कापडाच्या रकान्यात त्यांनी ठळक शून्य लिहिले आणि पिशवी निम्म्या किमतीत पडेल असे गृहीत धरले. आठवडाभरात हिशेब उलटा झाला. नव्या कापडाची पिशवी आम्हाला बत्तीस रुपयांना पडत होती, तर चिंध्यांची सदतीस रुपयांना, कारण रंग आणि पोतानुसार निवड करणे, धुणे, इस्त्री करणे आणि तेरा तुकडे जोडणे यात एकसंध कापडाच्या तिप्पट वेळ जात होता. तेव्हा वाणिज्य शाखेच्या एका हुशार मुलाने शिलाईचा दर सव्वीसवरून पंधरावर आणण्याचा उपाय सुचवला. मी काही बोलण्याआधीच आमच्याकडील सर्वांत जुन्या शिलाईवाल्या ताई उठल्या, तेरा तुकडे त्याच्यासमोर ठेवले आणि म्हणाल्या, “बस बाळा, एक तू शिव.” तो मशीनवर बसला. दोनदा दोरा तुटला, एक तुकडा उलटा जोडला गेला, मानेवरून घाम ओघळू लागला. पन्नास मिनिटांनी वाकडी का होईना, पण पिशवी झाली. त्याने वही उघडली आणि दराचा तो आकडा कोणी न सांगता परत सव्वीस केला.

पिशवी स्वस्त होत नाही हे पटल्यावर त्याच तुकडीने वेगळा मार्ग काढला. दोन मुली तीन दिवस कटिंगच्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मास्टरजींना विचारले, एका वेळी एकाच मापाची आखणी का करायची? मोठ्या मापाच्या पाठीच्या तुकड्याशेजारी लहान मापाची कॉलर आणि खिसे बसवले तर मधली जागा भरून निघेल. मास्टरजी आधी नाराज झाले, कारण माप मिसळले की गठ्ठे बांधताना गोंधळ होतो. मग त्यांनीच मापानुसार रंगीत खडूची खूण करण्याची युक्ती काढली. आज आमच्याकडे दर हंगामात पूर्वीपेक्षा बरीच कमी पोती भरतात. चिंधीपासून वस्तू करण्यापेक्षा चिंधी होऊ न देणे श्रेष्ठ, हे मला माझ्याच कारखान्यात वीस वर्षांच्या मुलींनी दाखवले.

पुढच्या एका तुकडीतील मुलीने डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा 2018 चा अभ्यास वाचून दाखवला. साध्या कापसाची नवी पिशवी दुकानात मिळणाऱ्या साध्या प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत केवळ हवामानावरील परिणामापुरती बरोबरीला येण्यासाठी किमान 52 वेळा वापरावी लागते आणि पर्यावरणाचे सर्व निकष धरले तर 7,100 वेळा. प्लास्टिक नाल्यांत तुंबते आणि जनावरांच्या पोटात जाते, हा भाग त्या मोजमापात नाही, हे आम्ही मुलांना सांगितले. तरीही कार्यक्रमांत फुकट वाटायच्या पिशव्यांची मागणी स्वीकारणे आम्ही त्यानंतर थांबवले. उत्पन्नाला त्याचा फटका बसला.

सामाजिक उद्योजकता, म्हणजे नफ्याबरोबर समाजाचेही हित पाहणारा व्यवसाय, ही संकल्पना मुलांना परदेशी आणि नवीन वाटते, म्हणून प्रत्येक तुकडीला आम्ही दोन ठिकाणी नेतो. एक म्हणजे गांधीसागर तलावाजवळची ती जागा, जिथे आज मॉल उभा आहे. तिथे जमशेदजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू केली आणि कामगारांसाठी हवेत ओलावा राखणारी यंत्रे, आगीपासून संरक्षणाची व्यवस्था आणि निवृत्तिवेतन निधी अशा सोयी केल्या. दुसरे ठिकाण वर्ध्याचे मगन संग्रहालय, जिथे खादी आणि ग्रामोद्योगाची साधने मांडली आहेत. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी वर्ध्यातूनच पाहिले. निसर्गाची झीज भरून निघेल एवढेच घ्यावे, हा त्यांच्या अर्थविचाराचा गाभा चरखे आणि घाण्यांसमोर उभे राहून मुलांना चटकन समजतो.

एका अनुभवाची सल मात्र अजून आहे. तिसऱ्या तुकडीने शिवलेल्या दोनशे दप्तरांचे पैसे एका मोठ्या खरेदीदाराने सात महिने दिले नाहीत. लघुउद्योगाला 45 दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते, असे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा (एमएसएमई) 2006 चा कायदा सांगतो. मुलांनी तो वाचला, एमएसएमई समाधान या सरकारी संकेतस्थळावर तक्रारीचा मसुदाही तयार केला. पण तोवर महिलांची मजुरी थांबवता येणार नव्हती, म्हणून मी ती घरच्या ठेवीतून दिली. रक्कम आल्यानंतर त्या तुकडीने आपल्या वाट्याच्या नफ्यातून आधी माझी ठेव भरून दिली. मी नको म्हटले, तरी त्यांनी ऐकले नाही.

यंदाच्या तुकडीने आमच्या मूळ धंद्यालाच हात घातला आहे. पूर्वी आया शिंप्याला “वाढत्या अंगाचे शिवा” म्हणून सांगत. स्पर्धेत कापड वाचवण्याच्या नादात आम्ही ती दाब, म्हणजे पुढे उसवून लांबी वाढवता येईल असे आत दुमडलेले जादा कापड, सोडणे बंद केले होते. स्कर्ट आणि पँटला खाली दोन इंच दाब ठेवायची, पुढच्या वर्षी ती उसवून, फाटले-तुटले दुरुस्त करून द्यायचे आणि त्याची मजुरी घ्यायची, असा त्यांचा प्रस्ताव आहे. नवे गणवेश कमी खपतील, हे त्यांनी स्वतःच ताळेबंदात लिहून दाखवले आणि दुरुस्तीच्या कामात वर्षभर किती महिलांना काम मिळेल, तेही मांडले. एका शाळेने होकार दिला आहे. काल मास्टरजींनी जुने फर्मे काढून त्यांच्या खालच्या कडेला पुठ्ठ्याची दोन इंची पट्टी चिकटवली, आणि सोमवारी पहिला ताका त्या मापाने कापायचा आहे.