ठेकेदार बदलला, पीएफ अडकला – माझा अनुभव

वाळूजला, संभाजीनगरजवळच्या एमआयडीसीत, कंत्राटी काम केलेल्यांना हे सांगायला नको. मशीन तेच, सुपरवायजर तोच, बजाजनगरमधली खोलीपण तीच, फक्त एक दिवस गेटवर सांगतात उद्यापासून ठेकेदार दुसरा, आधारची झेरॉक्स अन दोन फोटो आणा. झालं, आपण परत नवीन भरती. जालन्याकडची, पैठणकडची कितीतरी पोरं अशीच या ठेकेदाराकडून त्या ठेकेदाराकडं फिरलेली.

मला जुना पीएफ नव्या खात्यात ट्रान्सफर करायचा होता. सगळे म्हणले कशाला, काढून टाक की, नेट कॅफेवाला करून देतो. पण आपले १२ टक्के कापले जातात तेवढेच मालकानं भरायचे असतात, त्याच्या त्या १२ मधले ८.३३ पेन्शनला जातात, अन ती पेन्शन लागू व्हायला १० वर्षं सर्व्हिस लागते. दरवेळी १० सी, म्हणजे पेन्शनचे पैसे काढायचा फॉर्म, भरून पैसे उचलले की मोजणी परत शून्यापासून. यूएएन, म्हणजे आपला पीएफचा कायमचा नंबर, एकच ठेवून ट्रान्सफर करत गेलं तर वर्षं जोडली जातात. नाहीतर इतकी वर्षं राबलो याचा दुसरा कागद आपल्याकडं असतो तरी कुठं?

पीएफचं पासबुक उघडलं तर शेवटचे दोन महिने गायबच. स्लिपवर पीएफ कापलेला, पासबुकात काहीच नाही. नोकरी सोडल्याची तारीखही टाकलेली नाही. ठेकेदाराला फोन केला तर "करतो ना भाऊ, अकाउंटंट गावाला गेलाय", नंतर उचलायचाच बंद. कंपनीचा एचआर म्हणला तुम्ही आमच्या रोलवर नाहीत.

तारीख आपणच पोर्टलवर टाकू शकतो, शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले की, आधारच्या ओटीपीवर. पण खरी गोम इथंच आहे. तारीख शेवटचा भरणा ज्या महिन्याचा दिसतो त्याच महिन्यातली टाकावी लागते. म्हणजे मी घाई केली असती तर ते न भरलेले दोन महिने मी काम केलंच नाही असं माझ्याच हातानं लिहून दिल्यासारखं झालं असतं. म्हणून आधी भरणा, मग तारीख, मग ट्रान्सफर.

लाइनवरचे एक जुने काका म्हणले, "त्याच्या मागं कशाला पळतो रे, कंपनीचं नाव घाल. ठेकेदारानं नाही भरलं तर मूळ कंपनीच्या गळ्यात येतं." तसंच केलं. पीएफच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर ठेकेदाराचा पीएफ कोड टाकला, मजकुरात कंपनीचं नाव, सोबत स्लिपा, बँक स्टेटमेंट, गेटपासचा फोटो. मग रोलवर नाही म्हणणारा तोच एचआर स्वतःहून फोन करून म्हणतो, "अरे तक्रार मागं घे, करून देतो." म्हणलं साहेब, आधी पासबुकात दिसू द्या. वेळ गेला, पण दोन्ही महिन्यांचे पैसे आले, मालकाच्या हिश्श्यासकट. पुढं तारीख टाकणं अन ट्रान्सफर घरी बसून मोबाइलवरच झालं.

एक मात्र सांगतो, ट्रान्सफर झाल्यावर पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं, घाबरू नका. तिथं पैसे नाही, सर्व्हिस जोडली जाते, ती सर्व्हिस हिस्ट्रीत बघायची.