स्वॅप भरलेला, पण खाणारा कुणीच दिसेना

आमच्या एका लिनक्स सर्व्हरवर पोस्टग्रेस हा डेटाबेस अधूनमधून सगळी कनेक्शन तोडून रिकव्हरीत जायला लागला. 8 जीबी रॅम, 4 जीबी स्वॅप, म्हणजे रॅममधला मजकूर हलवून ठेवायची डिस्कवरची जागा. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये ओओएम किलरने (मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारी कर्नलची यंत्रणा) पोस्टग्रेसची एक प्रोसेस मारल्याची नोंद होती आणि तिथेच ‘फ्री स्वॅप’ शून्य.

स्वॅप भरलेला दिसला म्हणजे लगेच काही बिघडलं असं नसतं. बराच काळ न वापरलेली पेजेस (मेमरीचे छोटे तुकडे) कर्नल तिकडे सरकवतो, ते योग्यच आहे. म्हणून आधी व्हीएमस्टॅट लावून ‘एसआय’ आणि ‘एसओ’, म्हणजे स्वॅपमधून येणारं आणि स्वॅपमध्ये जाणारं, हे रकाने पाहिले. दोन्ही जवळपास शून्य. म्हणजे ये-जा चालू नव्हती. काहीतरी स्वॅपमध्ये जाऊन बसलं होतं आणि त्याला कुणी हातही लावत नव्हतं.

मग /प्रोक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या स्टेटस फाइलमधला ‘व्हीएमस्वॅप’, म्हणजे तिने वापरलेला स्वॅप, काढून बेरीज केली. जेमतेम 1 जीबी. उरलेले 3 जीबी कुणाच्याच नावावर नाहीत! इथे बराच वेळ गेला. स्वॅप वाढवा, स्वॅपिनेस (कर्नलचा स्वॅपकडे असलेला कल ठरवणारं सेटिंग) 60 वरून 10 वर आणा, असे सल्ले मिळत होते. मला ते पटेनात. 3 जीबी कुठे गेले हेच माहीत नसताना जागा वाढवली तर तीही भरणार, फक्त थोडी उशिरा.

वाट सापडली ती कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमधल्या एका ओळीत: व्हीएमस्वॅपमध्ये शेअर्ड, म्हणजे सामायिक, मेमरीचा स्वॅप धरत नाहीत. टीएमपीएफएसवरच्या (डिस्कऐवजी मेमरीत राहणारी फाइल सिस्टीम) फाइली नेमक्या याच खात्यात येतात. ‘फ्री’ कमांडच्या शेअर्ड रकान्यातही त्या पूर्ण दिसत नाहीत, कारण तिथे फक्त रॅममध्ये असलेली पेजेस मोजली जातात. प्रत्येक फाइल सिस्टीम किती भरली आहे ते दाखवणारी डीएफ कमांड चालवल्यावर मात्र तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर, /टीएमपी, साडेतीन जीबींच्या घरात!

सर्व्हर डेबियन या लिनक्सच्या आवृत्ती 12 वरून 13 वर नेला होता. 13 मध्ये /टीएमपी डिस्कवर नसून मेमरीत, म्हणजे टीएमपीएफएसवर, असतो, मर्यादा रॅमच्या निम्मी. रिपोर्ट काढणारी एक जुनी स्क्रिप्ट तिथे मोठ्या फाइली टाकून तशाच सोडत होती. डिस्कवर असताना त्या कुणाला खुपल्या नव्हत्या. आता कामाचा ताण वाढला की मेमरी संपायची आणि मार बसायचा पोस्टग्रेसला. ओओएम किलर प्रोसेस मारू शकतो, फाइल पुसू शकत नाही; त्यामुळे त्याने कुणालाही मारलं तरी ते साडेतीन जीबी सुटणारच नव्हते.

फाइली कुणी उघडून ठेवलेल्या नाहीत हे एलएसओएफ कमांडने तपासलं आणि पुसल्या. स्वॅपचा वापर तिथल्या तिथे उतरला. स्क्रिप्टचा टीएमपीडीआयआर (तात्पुरत्या फाइली कुठे ठेवायच्या ते सांगणारं सेटिंग) /व्हार/टीएमपीकडे वळवला, तो डिस्कवर आहे. /टीएमपीला 1 जीबीची मर्यादा घातली. मॉनिटरिंगमध्ये स्वॅपच्या आलेखाशेजारी आता टीएमपीएफएसच्या वापराचाही आलेख आहे, आणि अलर्ट त्याच्यावर लावला आहे.