दाराची चीर आणि नवतपा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराचं समोरचं दार सागवानी, आजोबांच्या वेळचं. खालच्या पॅनलला मधोमध उभी चीर. मे महिन्यात तिच्यातून पोस्टकार्ड आत सरकेल इतकी रुंद.

मागच्या वर्षी ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, मी तिच्यात लांबी (पुट्टी) भरली, घासली, रंग मारला आणि येईल त्याला कौतुकानं दाखवली. आषाढात झड लागली, लाकूड फुगलं आणि लांबी खडूसारखी तुकड्यातुकड्यानं बाहेर पडली. आई म्हणाली, "काय करून राहिला बाप्पा, राहू दे ना तसंच."

मग ओळखीच्या सुतारभाऊंना बोलावलं. चिरेकडे त्यांनी पाहिलंही नाही. पॅनलच्या कडेनं नख फिरवलं आणि विचारलं, "हे खिळे कोनं ठोकले जी?" पॅनल खडखडतं म्हणून कधीतरी कुणीतरी (बहुधा आमच्याच काकांनी) दोन्ही कडांना ठोकले होते, वर ऑइलपेंटचे थर. पॅनल भोवतीच्या चौकटीच्या खाचेत मोकळं लागतं. लाकूड रेषांना आडवं आकसतं, फुगतं. दोन्ही कडा जखडल्या की उन्हाळ्यात फाटतं ते मधूनच. आतल्या खोलीच्या तशाच दाराला चीर का नाही, तेही मला तेव्हाच उमगलं: तिथं उन्हाळाभर कूलर, हवा ओली.

काम दिवाळीनंतर काढलं. तेव्हा लाकूड ना फुगलेलं असतं, ना पार सुकलेलं. खिळे उपटले, रंग खरवडला. लकडगंजातून जुन्या सागाचा तुकडा आणून भाऊंनी रंध्यानं चिरेत बसेल अशी निमुळती पट्टी काढली. मी एकाच बाजूला फेविकॉल लावत होतो. ते म्हणाले, "दोन्हीकडं लावा. पॅनल मोकळं झालं, आता अख्खं हलते. खिळे निघाले नसते तं एकीकडंच लावलं असतं." खाचेत मात्र फेविकॉलचा थेंब जाऊ दिला नाही. केसाएवढ्या भेगांत सागाचाच भुसा कालवून भरला.

वरून जवसाचं तेल. त्याच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी तारेवर पसरून वाळवल्या.

यंदाचा नवतपा झाला. चीर उघडली नाही. पॅनल आकसून खाचेतून जरासं बाहेर आलंय आणि कडेला बिनतेलाची फिकट रेघ दिसते. आई रोज विचारते, "तिथं तेल लावायचं राहिलं का रे?"