मे महिन्यात कोर्टच बंद असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं

मी बार्शीची. बीकॉम झाल्यावर सात वर्षं मार्केट यार्डात एका आडत दुकानात हिशोब लिहिले आणि मग सीईटी देऊन सोलापूरला तीन वर्षांच्या एलएलबीला ॲडमिशन घेतली. इंटर्नशिप नावाचं काही असतं हे ऐकून होते, पण पहिल्या वर्षी वाटलं शेवटच्या वर्षी एकदमच उरकून टाकू. दुसऱ्या वर्षी जानेवारीत एका सिनिअरने सांगितलं की अगं बाई, बार कौन्सिलच्या (वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या कोर्सला एकूण १२ आठवडे लागतात आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर धरत नाहीत. म्हणजे हिशोब सरळ होता, दर उन्हाळ्याला चार. माझा एक उन्हाळा आधीच गेला होता. सात वर्षं लोकांचे हिशोब लिहिले आणि स्वतःचाच चुकला. (तो नंतर दिवाळीच्या सुट्टीत भरून काढला, ते वेगळं रामायण आहे.)

मग सगळे करतात तेच केलं. नेटवरून एक सीव्हीचा नमुना उचलला, इंग्रजीत कव्हर लेटर लिहिलं, त्यात आपल्याला कॉर्पोरेट लॉ आणि आर्बिट्रेशनमध्ये (लवादाने वाद मिटवण्यात) प्रचंड इंटरेस्ट आहे असं ठोकून दिलं, आणि मुंबई-पुण्याच्या फर्म आणि वकिलांना मिळून ३४ मेल पाठवले. खरं सांगायचं तर आर्बिट्रेशनचा पेपर मी तेव्हा जेमतेम काढला होता. दोन उत्तरं आली. एक ऑटो रिप्लाय, दुसऱ्यात लिहिलेलं की उन्हाळ्याच्या जागा सहा महिने आधीच भरल्यात. बाकी ३२ जणांनी नाही सुद्धा म्हटलं नाही, आणि ते नाही न म्हणणंच जास्त त्रास देतं कारण रोज सकाळी उठून मेल उघडायचा मोह काही सुटत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचीही उन्हाळी इंटर्नशिप असते, पण ते मला कळलं तेव्हा तारीख उलटून गेली होती.

मार्चमध्ये कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीवर एक वयस्कर वकील काका भेटले, ते म्हणाले, "मेल कशाला करतेस, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दे, इथंच तर आहे ऑफिस." गरजूंना मोफत वकील देणारं सरकारी ऑफिस ते. त्या दारावरून मी दोन वर्षं मूट कोर्टच्या (सरावाच्या खटल्यांच्या विषयाच्या) जर्नलसाठी केसेस बघायला जात होते. बोर्ड रोज दिसायचा, वाचला कधी नाही.

अर्जाबरोबर कॉलेजचं शिफारसपत्र, बोनाफाईड, मागच्या सेमची मार्कशीट आणि आधार लागणार होतं. पहिल्या पत्रात माझा कोर्स पाच वर्षांचा लिहिलेला, दुरुस्त करून आणलं तर तारीख राहिली, तिसऱ्यांदा गेले तर सही करणारे सर पेपर तपासायला बाहेरगावी. नऊ दिवस गेले यात. बार्शी ते सोलापूर एसटीने दीड-दोन तास, निम्मं तिकीट आहे म्हणून परवडलं नाहीतर त्या एका कागदापायी मी कर्जबाजारी झाले असते.

या फेऱ्यांमध्ये एक मात्र बरं झालं. एसटीत बसून ते इंग्रजी कव्हर लेटर परत वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली, कारण ती बाई मी नव्हतेच. मग वहीच्या पानावर मराठीत सरळ अर्ज लिहिला. मला सातबारा आणि फेरफार वाचता येतो, मराठी टायपिंग ३० ची परीक्षा पास आहे, शेतकऱ्यांशी पैशाच्या भांडणात बोलायची सात वर्षांची सवय आहे, आणि अमुक ते अमुक तारखेपर्यंत चार आठवडे पूर्णवेळ येऊ शकते. एवढंच, एक पान. दोन प्रती नेल्या, एक आत दिली, दुसरीवर आवक नंबर आणि शिक्का घेतला. ही पोच घ्याच, कारण दहा दिवसांनी विचारायला गेले तेव्हा अर्ज सापडेना आणि त्या नंबरावरूनच निघाला.

सचिव मॅडमनी (या स्वतः न्यायाधीश असतात) अर्ज वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "टायपिंग खरंच येतं ना?" दुसरा प्रश्न, विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२, म्हणजे मोफत वकील कुणाकुणाला मिळतो. मी पाठ केलेलं, एका दमात म्हणून दाखवलं, अनुसूचित जाती-जमाती, महिला, मुलं, दिव्यांग, कोठडीतले, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त, कमी उत्पन्नाचे.

"मग महिलेला उत्पन्नाची अट आहे का?"

"असणार ना मॅडम."

"नाहीये. उद्या तुमच्यावर वेळ आली तर तुम्हालाही मोफत वकील मिळतो. स्वतःच्या फायद्याचंच विसरलात."

मला वाटलं संपलं. पण त्यांनी कॅलेंडर बघितलं आणि विचारलं, मेमध्ये कोर्टाला सुट्टी असते ते माहितीये ना? मला खरंच माहीत नव्हतं. साधारण महिनाभर जिल्हा न्यायालयाची उन्हाळी सुट्टी, फक्त रिमांड, जामीन अशी तातडीची कामं चालतात. सगळे विद्यार्थी समर इंटर्नशिप म्हणून मे मागतात आणि मग रिकाम्या कोर्टरूमचे फोटो काढून परत जातात, असं त्या हसत म्हणाल्या. प्राधिकरणाचं ऑफिस मात्र चालू असतं, तुरुंगातल्या कैद्यांचे अर्ज काही सुट्टी बघून येत नाहीत. त्यांनी माझ्या तारखा दोन आठवडे पुढे ढकलल्या, म्हणजे अर्धी सुट्टी आणि अर्धं चालू कोर्ट. माझी परीक्षा लांबली होती, त्यामुळे तेही जमून गेलं.

राहिले आडत दुकानाचे शेठ, त्यांच्याकडचं काम अजून चालूच होतं. चार आठवड्यांची रजा म्हटल्यावर ते म्हणाले, "लग्न ठरलं का काय?" नाही म्हटल्यावर जास्तच काळजीत पडले. शेवटी रविवारी येऊन हिशोब लिहायच्या बोलीवर सोडलं.

पहिल्या दिवशी पांढरा सलवार-कमीज, काळा कोट, बाहेर ४२ डिग्री. जिल्हा कारागृहातून आलेले हाताने लिहिलेले अर्ज माझ्यासमोर ठेवले आणि टाईप करायला सांगितले. त्यातल्या एकाने दोन पानं लिहून सगळ्यात शेवटी विचारलं होतं की माझा वकील कोण आहे ते कळवावे.