तांदळाचं पोतं आणि पेशंटची फाईल

सोलापुरात परदेशी जाऊन सेवा करणारा डॉक्टर म्हटलं की दुसरं नाव निघतच नाही, कोटणीस. भैय्या चौकात स्मारक आहे त्यांचं. 1938 ला चीनला गेले, युद्धातल्या जखमींची ऑपरेशनं करत राहिले आणि 1942 ला तिथंच गेले, वय फक्त 32. पण परवा चहाच्या टपरीवर मित्राशी वाद झाला, डॉक्टरनं राजकारणात पडावं का, आणि मला आठवले फ्रान्सचे बर्नार कुश्नेर. कारण कोटणीसांवर खुर्चीत बसायची वेळच आली नाही, ह्यांच्यावर आली, आणि मग जे व्हायचं ते सगळं झालं.

पोटविकाराचा डॉक्टर. 1968 ला रेड क्रॉसकडून नायजेरियात, तिथनं फुटून निघालेल्या बियाफ्राच्या युद्धात गेला, तिथं पोरं उपाशी मरताना बघितली. रेड क्रॉसची शिस्त अशी की उपचार करा पण बाहेर बोलू नका. ह्याला ते पटेना. परत येऊन बोंब मारली आणि 1971 ला बाकीचे डॉक्टर, पत्रकार मिळून डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स ही संघटना काढली, जिला 1999 ला शांततेचं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे कुश्नेर तिथनं कधीच बाहेर पडले होते! व्हिएतनाममधनं होड्यांत बसून पळणाऱ्यांसाठी जहाज पाठवायचं ह्यांच्या डोक्यात, बाकीचे म्हणे हा कॅमेऱ्यासाठीचा तमाशा आहे. मग 1980 ला वेगळी चूल.

कॅमेऱ्याचा सोस होताच म्हणा. 1992 ला मंत्री असताना सोमालियाच्या किनाऱ्यावर खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन उतरले, समोर फोटोवाले तयार. तांदूळ फ्रान्सच्या शाळकरी पोरांनी जमवलेला, तो खराच होता, पण टिंगल व्हायची ती झाली. पुढं समाजवादी पक्षाचा हा माणूस 2007 ला उजव्या राष्ट्राध्यक्ष सार्कोझींचा परराष्ट्रमंत्री झाला, पक्षानं काढून टाकलं, आणि वर्ष-दीड वर्षात स्वतःच बोलून बसला की मानवी हक्क आणि देशाचं परराष्ट्र धोरण ह्यांचं कायम भांडणच असतं. मित्र म्हणाला, बघ, खुर्चीनं गिळला की नाही!

असंल. पण मला दोन गोष्टी सोडवत नाहीत. एक म्हणजे कोसोवो, युरोपातला सर्ब आणि अल्बेनियन लोकांच्या भांडणात होरपळलेला मुलूख. युनोनं 1999 ला तिथला कारभार ह्यांच्याकडं दिला होता. झ्वेचानला शिसं गाळायचा कारखाना, हवेत शिसं, लोकांच्या रक्तात शिसं, तर 2000 मध्ये सैनिक पाठवून कारखानाच बंद केला. ओपीडीतला डॉक्टर फार तर धुरापासून लांब राहा म्हणून सांगंल. तिथले सर्ब लोक चिडले, ह्यात राजकारण आहे म्हणाले, तेही असंल.

दुसरी, 4 मार्च 2002 चा फ्रान्सचा कायदा, लोक त्याला कुश्नेर कायदाच म्हणतात. पेशंटला स्वतःची फाईल थेट मागता येते, मधे दुसरा डॉक्टर लागत नाही. ह्याचा फोटो कोण काढणार? आपल्याकडंही त्याच 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमात आहे, मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायचे. पण इथल्या एका हॉस्पिटलात मामांना पुण्याला न्यायचं होतं तेव्हा काउंटरवरचा पोरगा म्हणतो, केसपेपर बाहेर देत नाही आम्ही, डिस्चार्ज कार्ड आहे की. शेवटी लेखी अर्ज दिला, त्यावर नियमाचा नंबर टाकला, पोच म्हणून शिक्का मारून घेतला, तेव्हा संध्याकाळी झेरॉक्स मिळाली, तीपण पानाला पाच रुपये लावून.