ओटीपी गेला बोटीवर

घरी इंटरनेट घेताना नंबर घरात बसणाऱ्या माणसाचा द्या. नोंदणी पोराच्या नावावर करू नका, निदान पोरगा बोटीवर असेल तर नाहीच.

आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो. छपरावर अँटेना, तिथून राउटर. जाहिरातीत ‘अनलिमिटेड’, पण महिन्याला १००० जीबी झाले की वेग ६४ केबीपीएस. त्या वेगात व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो उघडेपर्यंत माझी पेज शिजते. दोन महिने लागोपाठ विसाव्या दिवशीच डेटा संपला. एवढा जातो कुठे, हे अ‍ॅपमध्ये दिसतं म्हणे. अ‍ॅप उघडायला ओटीपी लागतो. तो जातो मुलाच्या फोनवर, आणि मुलगा हिंदी महासागरात.

कुडाळच्या ऑफिसात गेले. “नोंदणी ज्यांच्या नावावर, त्यांना पाठवा.” म्हटलं, तो बोटीवर आहे. “मग त्यांच्या नंबरवर ओटीपी येईल, तो सांगा.” अहो, तेच तर येत नाहीये! हेल्पलाइनवर वीस मिनिटं गाणं ऐकलं, तिथल्या मुलीने पुन्हा ऑफिसात जायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला मुलाचं आधार, माझं आधार, विजेचं बिल, सगळं नेलं. तिथे नवाच मुलगा. त्याला संमतीपत्र हवं, तेही मुलाच्या सहीचं. तिसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेले होते ते साडेतीनपर्यंत आलेच नाहीत, आणि माझी एसटी चारची.

शेवटी बोट सिंगापूरला लागली. पहाटे मुलाचा फोन आला. पहिला ओटीपी त्याने वाचून दाखवेपर्यंत मुदत संपली. दुसरा लागला.

अ‍ॅपमधले आकडे बघून मी चक्रावले. आंगणेवाडीच्या जत्रेला आम्ही सगळे गेलो, रात्री पाहुण्यांकडेच राहिलो. घराला कुलूप, आणि त्या दिवशी ५८ जीबी! शेजारच्या पोराने पासवर्ड पळवला असं मी मनात धरलं, चार दिवस त्याच्याशी धड बोललेही नाही. बिचारा.

मग एका रात्री पाणी प्यायला उठले. टीव्ही बंद, पण खालच्या बॉक्सचा दिवा चालू. आमचे मामंजी बातम्यांचं थेट चॅनल लावतात आणि झोपताना टीव्हीचा रिमोट दाबतात. त्याने पडदा काळा होतो, बॉक्स मात्र इंटरनेटवरून बातम्या ओढतच राहतो. एचडीत तासाला दोन-तीन जीबी, रात्रंदिवस.

“मियां टीव्ही बंद करूनच निजतंय,” मामंजी म्हणाले. खरंच होतं ते.

आता बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद करतो. नेटफ्लिक्सचं चित्राच्या दर्जाचं सेटिंगही बदललं. ते टीव्हीवर सापडणार नाही, फोनच्या ब्राउझरमधून खात्यात जावं लागतं. फोर-केला तासाला ७ जीबीपर्यंत जातात, ‘मीडियम’ ठेवलं की साधारण पाऊण. प्रत्येक प्रोफाइलला वेगळं करावं लागतं, मी आधी फक्त माझंच केलं होतं. यूट्यूबवर ७२०पी पुरे, मामंजींना चष्म्याशिवाय तसंही दिसत नाही.

या महिन्यात तीस तारखेला २१० जीबी शिल्लक होते. नंबर बदलायचा अर्ज अजून कुडाळातच आहे. मुलगा गणपतीत येईल, तेव्हा सहीला त्यालाच नेईन.