बेट्सी, कॅटरिना आणि हॉर्न बेटावरचा चित्रकार

मी राहते त्या अमेरिकेतल्या अलाबामाच्या मोबील शहरात जून ते नोव्हेंबर हा हरिकेनचा मोसम. पाण्याच्या बाटल्या, बॅटऱ्या, खिडक्यांवर ठोकायचं प्लायवूड, सगळं हाताशी ठेवावं लागतं. जुन्या माणसांच्या बोलण्यात कमील, फ्रेडरिक, कॅटरिना ही वादळांची नावं ओळखीच्या माणसांसारखी येतात. बेट्सीचं नाव आलं की मला मात्र वॉल्टर अँडरसनच आठवतो.

शेजारच्या मिसिसिपीतल्या ओशन स्प्रिंग्ज गावचा हा चित्रकार. जन्म १९०३चा. तिथे त्याच्या भावाने १९२८मध्ये शिअरवॉटर पॉटरी सुरू केली. हा भांडी रंगवायचा आणि मन भरलं की होडी वल्हवत हॉर्न बेटावर निघून जायचा. किनाऱ्यापासून वीसएक किलोमीटर खुल्या पाण्यातलं हे बेट म्हणजे वाळू, पाइन, खाजण आणि पक्षी. रात्री उलट्या केलेल्या होडीखाली झोपायचा. दिवसभर साध्या टाइपिंगच्या कागदावर जलरंगात खेकडे, बदकं, बगळे, कासवं. दमट हवेत रंग वाळेपर्यंत थांबायचा धीर लागतो, आणि त्याच्याकडे तो अमाप होता.

सप्टेंबर १९६५मध्ये बेट्सी आली तेव्हा तो बेटावरच होता. पाणी चढू लागलं तशी होडी ओढत उंच जागा शोधत राहिला. वादळ अनुभवायला त्याने स्वतःला झाडाला बांधून घेतलं, असं इथे सांगतात. पर्यटकांना ही गोष्ट फार आवडते; मला ती अपुरी वाटते. त्या वादळाची नोंद त्याने आपल्या वहीत केली, एरवी पक्ष्यांची करायचा तशीच. निरखून पाहणं हेच त्याचं काम होतं, आणि वादळही त्याला बेटाच्या आयुष्यातलंच वाटत होतं. त्याला वेडा म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. तो मनाच्या आजाराने इस्पितळात राहून आला होता, हे खरं. पण ही चित्रं भानावर असलेल्या, अतिशय बारीक नजरेच्या माणसाची आहेत.

त्याच नोव्हेंबरमध्ये तो कॅन्सरने गेला. त्यानंतर त्याच्या घरातली कुलूपबंद खोली उघडली, तर भिंतींवर पहाटेपासून रात्रीपर्यंतचा किनाऱ्याचा एक अख्खा दिवस रंगवलेला, आणि छतावर झिनियाचं भलंमोठं फूल. घरच्यांनाही याचा पत्ता नव्हता.

त्याने ज्यांची चित्रं पुन्हा पुन्हा काढली ते तपकिरी पेलिकन त्याच सुमाराला लुइझियानातून नाहीसे झाले होते. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं इतकी पातळ व्हायची की उबवायला बसलेल्या पक्ष्याच्या भारानेच फुटायची. एंड्रिन या कीटकनाशकाने तर मोठे पक्षीही मेले. फ्लोरिडातून पिल्लं आणून १९६८पासून त्यांना तिथे पुन्हा वसवलं, १९७२मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि २००९मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला. आता आमच्या खाडीत रोज दिसतात, पंख मिटून पाण्यात सूर मारताना.

चित्रांवरचं संकट २९ ऑगस्ट २००५ला आलं. कॅटरिनाचं पाणी शिअरवॉटरच्या आवारात घुसलं. चित्रं जपायला कुटुंबाने बांधलेली कोठी होती, तिच्यातही शिरलं. जलरंग, लिनोलियमवर कोरून काढलेल्या छापांचे कागद, सगळं खाऱ्या पाण्यात आणि चिखलात. अशा वेळी हातात फार थोडा वेळ असतो. ऑगस्टच्या दमट उष्णतेत ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. म्हणून भिजलेले कागद गोठवतात आणि मग सवडीने एकेक सोडवून वाळवतात. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनला आमच्या नात्यातल्यांनी आडव्या झालेल्या सुपारीच्या वाडीत महिनोन्‌महिने काढले, तशाच चिवटपणाचं हे काम.

ती रंगवलेली खोली मात्र वाचली. १९९१मध्ये गावात त्याच्या नावाचं संग्रहालय झालं तेव्हा ती तिथे हलवली होती, आणि त्या इमारतीने कॅटरिनात टिकाव धरला. न्यू ऑर्लिन्सला कुणी येणार असाल तर तिथून गाडीने दीडएक तास. संग्रहालयाला लागूनच गावाचं कम्युनिटी सेंटर आहे, त्याच्या भिंतीही त्यानेच रंगवल्यात. मोबदला घेतला एक डॉलर. आधी त्या भिंती बघा आणि मग खोलीत जा. पूर्वेकडच्या भिंतीपासून सुरुवात करा, दिवस तिथूनच उगवतो.